पोर्तुगीज खिळ्यांची गोळी

शिशाबद्दल मला जे काही कळते ते दोन माणसांकडून. एक आमच्या छापखान्याचे मालक आणि दुसरे माझे सासरे. दोघांचेही ज्ञान पक्के होते. गोंधळ झाला तो मी ते एकत्र केल्यामुळे.

गोवा मुक्त होऊन चार-पाच वर्षे झाली होती. गावोगाव मराठी शाळा निघत होत्या, आणि शाळा निघाली की तिला पावत्या लागतात, प्रगतिपुस्तके लागतात, वर्षाच्या शेवटी संमेलनाची निमंत्रणे लागतात आणि त्यांत अध्यक्षांचे नाव चुकावे लागते. या सगळ्यासाठी डिचोलीतल्या एका छोट्या छापखान्याला खिळे जुळवणारा माणूस हवा होता. शिशाच्या अक्षरांना आमच्या धंद्यात खिळे म्हणतात. एकेक खिळा उचलायचा, ओळ लावायची, आणि सगळे उलटे वाचायचे. मी बांद्याकडचा. उलटे वाचता येणे एवढ्या एका गुणावर मला नोकरी मिळाली. पुढे त्याच गुणावर बायकोही मिळाली, कारण धारगळहून चौकशी झाली तेव्हा कोणीतरी सांगितले, मुलगा शिशाच्या कामात आहे.

सासऱ्यांच्या दृष्टीने याहून चांगले स्थळ नव्हते. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी ठेवायची आणि लोखंडी गजाने ती तळापर्यंत ठासायची. मग मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, चढवायची आणि देवाचे नाव घ्यायचे. शेतराखणीसाठी या बंदुकीचा रीतसर परवाना होता. आधीच्या अमदानीत तो पोर्तुगीजमध्ये होता, मुक्तीनंतर इंग्रजीत आला. दोन्ही परवान्यांत बंदुकीचे वर्णन 'जुनी' असे होते.

आता त्यांना बंदूक कशाला लागे ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा भाताचा एक कुणगा होता. कुणगा म्हणजे बांधाने वेढलेला शेताचा तुकडा. हा फार मोठा नव्हता. पण भाद्रपदात नव्याची पूजा होते तेव्हा गावाला लागणारी पहिली कणसे ह्याच कुणग्यातून कापली जात. देवाला एक जुडी आणि वाड्यावरच्या अठ्ठावीस घरांना एकेक. एकूण एकोणतीस. सगळ्या जुड्या एकाच कुणग्यातल्या हव्यात, असा नियम. एक जरी कमी पडली तरी मान पलीकडच्या बांधावर जायचा, म्हणजे सासऱ्यांच्या चुलतभावाच्या कुणग्यात. चुलतभाऊ माणूस सज्जन होता. दर भाद्रपदात तो आपली कोयती घासून, धार लावून, नुसती सोबत म्हणून घेऊन येत असे.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात एका रानडुकराला हा कुणगा आवडला. भात दुधात आले होते. डुक्कर पहाटे यायचे, एका कडेने खायचे, उरलेल्यात लोळायचे आणि उजाडता उजाडता डोंगरात जायचे.

सासऱ्यांकडे दारू होती, केपा होत्या, साचा होता. शिसे नव्हते. पूर्वी ते पागेराच्या शिशाच्या गोळ्या घालत. पागेर म्हणजे फेकायचे जाळे, त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. हे शिसे शुद्ध आणि मऊ. नखाने ओरखडा उठतो तेच शिसे, बाकी सगळे सोंग, असे त्यांचे मत होते. पण घरच्या जाळ्याचे मणी संपले होते. आदल्या वर्षी त्यांनी खाणीवरच्या ट्रकांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या पट्ट्या वितळवून पाहिल्या. त्यातून निघाली मूठभर राख, चमचाभर शिसे आणि असा धूर, की सासूबाईंनी भरल्या घमेल्यासकट तो उद्योग कुंपणाबाहेर नेऊन ठेवला. आठ दिवस सासरे खोकत होते. सासूबाई त्यांना काढा देत आणि प्रत्येक पेल्यागणिक म्हणत, "खावा आता बॅटरी."

श्रावणात आम्ही दोघे धारगळला गेलो तेव्हा जेवताना सासऱ्यांनी विषय काढला.

"जावयबापू, तुमच्या कारखान्यात शिसां गावता मां?"

सासुरवाडीत मी छापील मराठी बोलत असे. मला वाटे, त्याने वजन पडते. "मामा, आमच्याकडे शिशाशिवाय दुसरं काही नाहीच."

"ह्यां मातर खरां," माझी बायको म्हणाली, "पगाराच्या दिवशी सुद्धा थयसर दुसरां काय गावणां नाय."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिले आणि माझ्या पानात आणखी भात वाढायला सांगितला. जावयाची बाजू ते नेहमी भातानेच घेत.

डिचोलीला परतल्यावर मी मालकांना विचारले. मालक मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे भिंतीला टेकून दोन केशी होत्या, म्हणजे खिळे ठेवायचे खणाखणांचे लाकडी पसारे. दोन्हींवर बोटभर धूळ. आत पोर्तुगीज अक्षरे. मुक्तीपूर्वी सरकारी नमुने छापायला त्यांनी ती पणजीहून मोठ्या हौसेने आणली होती. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला 'आ' होता, पायाला शेपटी असलेला 'सी' होता. मुक्ती झाली आणि एका सकाळी या मंडळींचे काम सुटले.

"चार किलो घेऊन जा," मालक म्हणाले. "कोणी विचारत नाही त्यांना. रोज बघतो आणि जीव खालीवर होतो. पण ऐक, हे नुसतं शिसं नाही हं. ह्यात कथील आहे, अँटिमनी आहे. नुसतं शिसं थंड होताना अंग चोरतं. हा धातू अंग चोरत नाही. साचा जेवढा, तेवढाच भरून राहतो. म्हणून तर अक्षराला धार येते."

हे वाक्य मला इतके आवडले, की मी ते पाठ केले. अंग न चोरणारा धातू! वितळवताना मी हे सासऱ्यांना कसे सांगेन, कुठे थांबेन, कोणत्या शब्दावर हात वर करीन, हे सगळे मी डिचोलीच्या बाजारातून घरी येईपर्यंत ठरवून टाकले.

आधी सासऱ्यांना कार्ड टाकले. 'मोडीचे चार किलो खिळे मिळाले. रविवारी घेऊन येतो.'

धारगळचा पोस्टमन सर्वांची कार्डे आधी स्वतः वाचत असे, पुढे पत्ता सापडला नाही तर निदान मजकूर तरी पोचावा म्हणून. त्याने अर्थ लावला, की जावई मोडी लिपीतली जुनी अक्षरे आणतो आहे. त्याने सासऱ्यांचे अभिनंदन केले. सासऱ्यांनी कार्ड स्वतः वाचले आणि वेगळा अर्थ लावला. लोखंडी खिळे, तेही मोडके. बंदुकीत खिळे भरून मारणारे लोक असतात. त्यांना गावात कोणी पाट देत नाही. खिळ्यांनी नळी आतून खरवडून निघते आणि जनावर जखमी होऊन रानात कुजते. आपला जावई त्यांतला निघाला, हे सासऱ्यांनी रविवारपर्यंत कोणाला सांगितले नाही. फक्त सासूबाईंना सांगितले, म्हणजे सर्वांना कळले.

रविवारी मी डिचोलीहून निघालो आणि म्हापशाला बस बदलली. मध्ये अर्धा तास होता. बाजारात एक ओळखीचा कल्हईवाला बसत असे. कथलाचा जन्मभराचा माणूस. मी त्याला पिशवी उघडून दाखवली. त्याने एक खिळा दाताखाली धरला, जमिनीवर टाकून आवाज ऐकला आणि विचारले, "काय करणार?"

"गोळी."

"कशात जायची?"

"डुकरात," मी म्हणालो.

"त्याच्या आधी कशात जायची?"

इतका शहाणा प्रश्न मला त्या आठवड्यात दुसऱ्या कोणी विचारला नाही. पण बसवाल्याने घंटी मारली आणि मी पळालो.

घरी पोचलो. जावई आल्यावर सासूबाई पाणी, मग चहा, मग पाव असा क्रम कधी चुकवत नसत. त्या दिवशी नुसते पाणी आले. सासरे ओसरीवर बंदूक आडवी मांडीवर घेऊन बसले होते, आजारी मुलाला घ्यावे तसे.

"खिळे हाडल्यात?" सासूबाईंनी विचारले.

"आणले ना. चार किलो!"

"मगे माका चार दिया. गोठ्याचां दार निसाटलां."

"आई, हे त्या कामाचे नाहीत."

"गोठ्याच्या कामाचे नाय आणि बंदुकीत घालूक चलतत!"

मी पिशवी ओसरीवर पालथी केली. नाटकात मुकुट पडतो तसा आवाज झाला. सासऱ्यांनी एक खिळा उचलला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उघडला. त्यांनी लहानपणी गावच्या पोर्तुगीज शाळेत दोन इयत्ता काढल्या होत्या. एकेक खिळा उचलून ते अक्षराचे नाव घेऊ लागले. नागमोडी रेघेच्या 'आ'पाशी आल्यावर त्यांनी नाकातून आवाज काढून दाखवला. सासूबाई आत जाऊन चहा करू लागल्या.

"ह्यां अक्षर शिकताना मास्तरान माका तीन वेळा मारलां," सासरे म्हणाले. "आता माझी पाळी."

संध्याकाळी, पाऊस नाही असे पाहून, अंगणात तीन दगडांवर लोखंडी कढई चढली. वितळलेल्या धातूत पाण्याचा थेंब पडला तर तो अंगावर उडतो, म्हणून सासूबाईंनी सर्वांना लांब उभे केले आणि स्वतः सर्वांत जवळ उभ्या राहिल्या. घरची लोखंडी कुलेर, म्हणजे मोठा चमचा, त्यांनी 'शेवटची' म्हणून दिली. खिळे आधी नुसते बसून राहिले. मग खालच्या थरातले ओले दिसू लागले, कोपरे गेले, चेहरे गेले, आणि एका क्षणी सगळी भाषा एकदम चांदीसारखी झाली. सासऱ्यांनी वरची काळी साय बाजूला केली, साचा चिमट्यासारखा मिटला आणि पहिली गोळी ओतली.

गोळी देखणी निघाली. गोल, चकचकीत, साच्याची बारीकशी रेघसुद्धा तिच्यावर उमटलेली. सासऱ्यांनी ती निवल्यावर हातात घेतली आणि अंगठ्याचे नख तिच्यावर ओढले. ओरखडा उठला नाही. त्यांनी नखाकडे पाहिले.

"घट आसा," ते म्हणाले.

"तेच तर!" मी म्हणालो. "घट्ट म्हणजे उत्तम."

"डुकराक उत्तम," ते म्हणाले आणि थांबले.

मग त्यांनी गोळी बंदुकीच्या तोंडावर ठेवून पाहिली. ती आत गेली, पण विचार करून गेली, आणि चिंधी अजून बाकी होती. पागेराच्या शिशाची गोळी कशी टपकन जायची, हे त्यांना माहीत होते. "जरा दाट वाटता," ते म्हणाले.

माझी वेळ झाली होती. मी उभा राहिलो, ठरवल्याप्रमाणे. "मामा, नुसतं शिसं थंड होताना अंग चोरतं. हा धातू अंग चोरत नाही!" आणि ठरवलेल्या शब्दावर हात वर केला. अक्षराची धार, साच्याचे भरणे, सगळे सांगितले. सासरे ऐकत होते. मान हलवत होते. मध्येच एकदा त्यांनी पागेराच्या रिकाम्या दोरीकडे पाहिले आणि म्हणाले, "कोलवाळच्या खाडयेवर एक माणूस आसा. तेच्याकडे मऊ शिसां गावात. उद्या जाव्या काय?"

"कशाला मामा? हे असताना?"

मला तेव्हा कळले नाही, की माझे सासरे त्या क्षणी काय करत होते. ते नाही म्हणण्याचा प्रयत्न करत होते. पण जावयाने आणलेली वस्तू परत करायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. साडी आखूड आली तर ती नेसायची, मासा नरम निघाला तर तो खायचा आणि जावयाने पोर्तुगीज शिसे आणले तर ते ओतायचे. त्यांनी बारा गोळ्या ओतल्या.

एखादी उडवून पाहू, असे मी सुचवले. दारू थोडी होती आणि परवान्यावर मिळायची तेवढीच मिळे. सासरे म्हणाले, डुकरावरच बघूया.

पहाटे आम्ही दोघे कुणग्याच्या वरच्या बांधामागे बसलो. पाऊस नव्हता, पण हवा ओलसर होती. दारू दमट होऊ नये म्हणून बंदूक शेतावर येऊनच भरायची, ही त्यांची रीत. नव्याच्या पूजेला चार दिवस उरले होते. आदल्या दिवशी सासऱ्यांनी उभे भात नजरेने मोजले होते आणि मला सांगितले होते, अजून एक दिवस डुकराने खाल्ले तर जेमतेम पुरेल. दोन दिवस खाल्ले तर पुरणार नाही.

फटफटले. डुक्कर आले. मी इतक्या जवळून ते प्रथमच पाहत होतो. त्याने आजूबाजूला बघितलेसुद्धा नाही, सासुरवाडीला आल्यासारखे सरळ आत शिरले. सासऱ्यांनी दारू ओतली, चिंधी लावून गोळी तोंडावर ठेवली आणि गज लावला. गोळी दोन वीत गेली आणि थांबली.

त्यांनी जोर केला. मग माझ्याकडे बघितले. मी जोर केला. मग दोघांनी मिळून केला. खाली कुणग्यात डुक्कर चपचप आवाज करीत खात होते आणि वर आम्ही सासरा-जावई एकाच गजाला लोंबकळत होतो. अंग चोरत नाही म्हणजे काय, ते मला त्या नळीने समजावून सांगितले. आमचा धातू साच्याएवढाच भरून राहिला होता, आणि साचा होता अंग चोरणाऱ्या शिशासाठी केलेला. मऊ असता तर ठोकून दबला तरी असता. हा दबतही नव्हता.

"तशीच मारा," मी कुजबुजलो.

"मारूक येता," सासरे तितक्याच शांतपणे म्हणाले. "गोळी मधी, दारू तळाक. नळी फुटतली. मगे तुमच्या आवशीक मी काय सांगू? आणि सांगूक मी तरी खय रवतलंय?"

त्यांनी बंदूक बांधावर ठेवली. त्यांचे हात मोकळे झाले आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. डुकराने एक रांग संपवली आणि दुसरी धरली.

मी कधीकाळी बांद्याला जत्रेतल्या नाटकात राक्षस केला होता. दोन प्रवेश. दुसऱ्यात मरतो. तो राक्षस मी त्या पहाटे पुन्हा केला. धोतर खोचले, बांधावरून उडी मारली आणि गुडघाभर चिखलात उभा राहून असा आरोळी-ललकारीचा प्रवेश केला, की पलीकडच्या वाड्यावरची कुत्री जागी झाली. डुकराने मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग ते निघाले, पण पळत नाही. नाटक पडले की मानाच्या खुर्चीतला माणूस जसा उठतो तसे.

"मरतात तो भाग पण करतल्यात?" वरून सासरे म्हणाले. त्या दिवशीचे त्यांचे एवढेच हसणे.

मी चार दिवसांची रजा कळवली. बंदूक ओसरीच्या कोपऱ्यात तोंड वर करून उभी केली. दारू भिजून निकामी व्हावी म्हणून मागच्या बारीक भोकातून पाणी सोडले आणि पुढून खोबरेल तेल. सासूबाई येता-जाता तिच्याकडे बघत आणि म्हणत, "आज तरी काय पोटात ठरता मां तिच्या?" सासरे कोलवाळला त्या माणसाकडे गेले आणि मुठीएवढे मऊ शिसे घेऊन आले. ते ठेवले सुपात. घालायचे कशात, हा प्रश्न कोपऱ्यात तेल पीत होता.

राखणीला मी होतो. पहाटे राक्षस आणि उजाडल्यावर पत्र्याचा डबा. पहिल्या दिवशी डुक्कर आले नाही. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला होता. त्याला ते कळले असावे.

पूजेच्या दिवशी सकाळी ढोल घेऊन माणसे आली. देवाची जुडी गुंडाळायचे पांढरे वस्त्र आले. चुलतसासरे आले, कोयती घेऊन, नुसती सोबत म्हणून. सासऱ्यांनी कुणग्यात उतरून नमस्कार केला आणि कापायला सुरुवात केली. जुडी बांधायची आणि बांधावर ठेवायची. ढोलवाला हळूच मोजत होता, ओठ हलताना दिसत होते. वीस झाल्या. चोवीस झाल्या. मग सासरे डुकराने लोळलेल्या भागात शिरले आणि वाकून, चिखलातून एकेक कणीस उचलून बघू लागले. सव्विसावी जुडी बरी होती. सत्ताविसावी मी पाहिली तर मला ती बरी वाटली. त्यांनी ती हातात फिरवली, दाणे दाबून पाहिले आणि बाजूला टाकली. देवाला पोचट देता येत नाही. ते सरळ उभे राहिले.

"सव्वीस," ते म्हणाले.

मग चुलतसासरे म्हणाले, आणि मला अजून वाटते ते वाईट हेतूने म्हणाले नाहीत, "दादा, बंदुकीचो बार आयकाक इलो नाय तो. जावयान कसलां तां शिसां हाडलेलान म्हणतत?"

सगळे माझ्याकडे वळले. ढोलवालासुद्धा. मी रंगमंचावर उभा राहिलेला माणूस आहे, पण इतके लोक एकदम माझ्याकडे कधी वळले नव्हते. घशातून आवाज निघाला असता तर मी खरे सांगून टाकले असते. आवाज नव्हता.

"जावयाचां काय आसा तेत?" सासरे म्हणाले. "शिसां मी वेचलंय."

"पण लोक म्हणतत—"

"साचो माझो. बंदूक माझी. नख लावन मी बघलंय, घट लागलां, तरी ओतलंय. शिसां मी वेचलंय." मग त्यांनी बांधावरचे पांढरे वस्त्र उचलले, झटकले, घडी घातली आणि दोन्ही हातांनी चुलतभावाला दिले. "चला. ऊन व्हता."

ढोल पुन्हा वाजू लागला. माणसे पलीकडच्या बांधावर गेली. सासरेही गेले, पहिल्यांदाच मागून. तिथे एकोणतीस जुड्या निघाल्या, आणि आमच्या घरी त्यांतली एक आली. सासूबाईंनी ती दाराला बांधली. गाठ त्यांनी तीनदा सोडून पुन्हा बांधली.

दुपारी बांधावरून परतताना मी सासऱ्यांना गाठले. बसलेल्या आवाजात म्हणालो, "मामा, माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

"खोटां खय बोललंय?" ते चालतच होते. "कोलवाळचां शिसां माका ठावक होतां. तुमी हाडलात तां वायट, ह्यां पण माका ठावक होतां. माका नाय म्हणाक येवक नाय. जावयाक कसां नाय म्हणूचां?" चार पावले गेल्यावर ते पुढे म्हणाले, "देवाचो मान गेलो तो माझ्या ह्या तोंडाक लागान. तुमच्या पोर्तुगीजाचो काय दोष."

घरी पाने मांडली होती. खतखते होते, मुगाची उसळ, सोलकढी. सगळे गप्प जेवत होते आणि मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "मामा, बंदुकीतलं तेल जरा कोमट करून घातलं तर गोळी सुटेल असं मला वाटतं. हा धातू—"

"नाय रे," सासरे म्हणाले. "आत दारू आसा ती अजून सुकी आसली तर घर उडात. तुका कळणां नाय त्यातलां. गप जेव."

सासूबाईंची पळी हवेत थांबली. पूजेसाठी डिचोलीहून आलेल्या माझ्या बायकोने खाली बघून ओठ दाबले. 'जावयबापू' गेले होते, 'तुमी' गेले होते आणि वाढता भातही आला नव्हता. तो मी स्वतः मागून घेतला. दोनदा.